मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधील फेरबदल

मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधील फेरबदल म्हणजे कारखान्यातून आलेल्या गाडीच्या स्प्रिंगा, शॉक अब्सॉर्बर, अँटी-रोल बार, बुश व त्यांना जोडणारे भाग बदलून गाडीची उंची, तिच्यातील आराम किंवा तिची हाताळणी बदलण्याचा प्रयत्न होय. व्यापारी भाषेत या फेरबदलांना सरसकट ‘अपग्रेड’ म्हटले जाते. तथापि रोजच्या वापरातील गाडीच्या बाबतीत असा प्रत्येक फेरबदल ही सुधारणाच असते असे नाही. सस्पेन्शनचा प्रत्येक भाग इतर भागांशी आणि टायरांशी जुळवून निवडलेला असतो. त्यामुळे एक गुण वाढवताना दुसरा घटणे हे या क्षेत्रात अपवादाने नव्हे, तर नेहमीच घडते. झिजलेले भाग नवे करणे, चांगले टायर घालणे आणि चाकांची अलाइनमेंट अचूक करून घेणे यांमुळे सामान्य गाडीत पडणारा फरक बहुतेकदा महागड्या स्प्रिंगांमुळे पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो.

संज्ञा

पारिभाषिक मराठीत सस्पेन्शनसाठी ‘निलंबन’ हा शब्द आहे. परंतु नोकरीवरून तात्पुरते दूर करणे या अर्थाने तो इतका रूढ झाला आहे, की गाडीच्या संदर्भात तो बोलण्यात येत नाही. प्रस्तुत लेखात ‘सस्पेन्शन’ हाच शब्द वापरला आहे. गॅरेजच्या बोलीत शॉक अब्सॉर्बरला ‘शॉकअप’ आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगेला ‘पाटा’ म्हणतात.

‘आराम’, ‘पकड’ आणि ‘हाताळणी’ या तीन शब्दांची नेहमी गल्लत होते. रस्त्यावरील धक्के प्रवाशापर्यंत किती कमी पोचतात, यावर आराम ठरतो. टायर घसरण्यापूर्वी रस्त्याला किती जोराने धरून राहू शकतात, ती पकड. चालकाने स्टीअरिंग, ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर वापरल्यावर गाडी किती तत्परतेने आणि किती अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद देते, ती हाताळणी. कडक स्प्रिंगा बसवलेली गाडी चालकाला तत्पर वाटते, कारण ती वळताना कमी कलते. मात्र तेवढ्यावरून तिची पकड वाढली असे म्हणता येत नाही. फेरबदलांविषयीचे बरेचसे मतभेद या गल्लतीतून निर्माण होतात.

सस्पेन्शनचे कार्य

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवून घेते. साठवलेली ही ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, अन्यथा गाडी झोक्यासारखी वरखाली होत राहील. ते काम शॉक अब्सॉर्बर करतो. त्याच्या नळकांड्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. नाव धक्काशोषकाचे असले तरी धक्का झेलण्याचे काम मुख्यतः स्प्रिंग करते, शॉक अब्सॉर्बर तिला आवर घालतो. अँटी-रोल बार ही डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पिळाची सळई असून गाडी वळणावर कलू लागली की ती विरोध करते. दोन्ही चाके एकाच वेळी वर उचलली गेली, तर तिचा काहीच परिणाम होत नाही. सांध्यांमधील रबरी बुश कंपने अडवतात व चाकाला ठरावीक मर्यादेत हलू देतात.

स्प्रिंग आणि तिने पेललेले वस्तुमान यांवरून गाडीची स्वाभाविक वारंवारता ठरते. सामान्य प्रवासी गाडीत ती सेकंदाला साधारण १ ते १.५ आवर्तने असते, तर खेळाच्या धाटणीच्या गाडीत त्याहून अधिक. माणसाचे शरीर उभ्या दिशेतील सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे अभियंते गाडीची वारंवारता त्यापासून बरीच खाली ठेवतात. मूळच्या जनरल मोटर्सच्या नव्हे, तर रोल्स-रॉइसमधून तेथे आलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा थोड्या मऊ ठेवल्यास उंचवट्यावरून गेल्यानंतर गाडी पुढे-मागे डुलत नाही, हे त्याचे निरीक्षण आजही उपयोगात आहे. केवळ पुढची किंवा केवळ मागची जोडी बदलणाऱ्या मालकाकडून हा समतोल नकळत बिघडतो.

वळणावर काय घडते

गाडी वळत असताना आतील चाकांवरील भार बाहेरील चाकांवर सरकतो. त्याला भारांतरण म्हणतात. टायरचा एक गुणधर्म असा, की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे भारांतरण जितके अधिक तितकी चारही चाकांची एकूण पकड कमी. भारांतरण प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते : वळण्याचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर. गाडी किती कलते याचा त्यावर फारच थोडा परिणाम होतो. ‘गाडी कलली नाही म्हणजे भार सरकला नाही’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

एका उदाहरणावरून फेरबदलाच्या लाभाचे प्रमाण लक्षात येते. १,००० किलोची, १.५ मीटर चाकांतराची आणि जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने सुमारे ५७ मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे असे धरू. अशा वेळी साधारण १८३ किलो भार आतून बाहेर सरकतो. कमी उंचीच्या स्प्रिंगा बसवून तीच गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली, तर हा आकडा १७३ किलोच्या आसपास येतो, म्हणजे साडेपाच टक्क्यांची घट. स्प्रिंगांना हात न लावता वेग ताशी ६० वरून ५४ किलोमीटर केला, तर भारांतरण १४९ किलोपर्यंत उतरते, म्हणजे एकोणीस टक्क्यांची घट, कारण वळण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. शर्यतीच्या मार्गावर साडेपाच टक्केही मोलाचे असतात. घाटातून कुटुंबासह उतरणाऱ्या गाडीच्या दृष्टीने मात्र त्यांचे मोल फारसे नाही.

एकूण भारांतरण जवळपास ठरलेले असले, तरी त्यातील किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी, हे सस्पेन्शन ठरवते. ज्या आसाचा कलण्याला विरोध अधिक, त्याच्या वाट्याला भारांतरणही अधिक येते आणि तेथील पकड आधी संपते. पुढची पकड आधी संपल्यास गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. याला अंडरस्टीअर म्हणतात. मागची आधी संपल्यास गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. तो ओव्हरस्टीअर. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत उत्पादक जाणूनबुजून थोडा अंडरस्टीअर ठेवतात. घाबरलेला चालक स्वाभाविकपणे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतो, आणि अशा गाडीत तेवढ्यानेच पुढच्या चाकांना पकड परत मिळते. उत्साही चालकाला हाच गुण कंटाळवाणा वाटतो व तो काढून टाकण्यासाठी फेरबदल केले जातात.

फेरबदलांचे प्रकार व त्यांचा परिणाम

कमी उंचीच्या स्प्रिंगा. हा सर्वांत लोकप्रिय फेरबदल असून त्याच्याविषयीचे गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. उंची कमी झाल्यावर चाकाला वर जाण्यासाठी उरलेली जागाही कमी होते, म्हणून अशा स्प्रिंगा मुळापेक्षा कडक असाव्या लागतात. जागा संपली की चाक बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा अनेक पटींनी वाढतो. वळणाच्या मध्यावर असे झाले, तर पकड अचानक सुटते. दुसरी अडचण भूमितीची आहे. आजच्या बहुसंख्य लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाची ही साधी आणि कमी जागा घेणारी रचना १९५० मध्ये सादर झालेल्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल या गाडीत प्रथम आली आणि पुढे जगभर पसरली. या रचनेत गाडी खाली आणल्यावर खालच्या आर्मचा कोन बदलतो आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली उतरतो. परिणामी कलण्यास कारणीभूत होणारी तरफ कमी होण्याऐवजी वाढते. नव्या स्प्रिंगेच्या कडकपणाचा काही भाग या दोषाची भरपाई करण्यातच खर्च होतो. साधारण २ ते ३ सेंटिमीटरपर्यंत हा दोष सहन होतो. त्यापलीकडे बॉल जॉइंट व स्टीअरिंगच्या सांध्यांची जागाही बदलावी लागते.

स्प्रिंग कापून उंची कमी करणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोकादायक प्रकार आहे. कापलेले टोक आपल्या खाचेत नीट बसत नाही आणि चाक हवेत सुटल्यावर सैल स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. गॅसच्या ज्योतीने कापल्यास पोलादाचे पाणीही उतरते.

शॉक अब्सॉर्बर. स्प्रिंग तीस टक्के कडक केली आणि शॉक अब्सॉर्बर जुनेच ठेवले, तर स्प्रिंगेला आवर घालण्याची त्यांची सापेक्ष क्षमता सुमारे बारा टक्क्यांनी घटते. खड्ड्यानंतर गाडी जास्त वेळ डोलत राहते व चाकाचा रस्त्याशी असलेला संपर्क विस्कळीत होतो. त्यामुळे स्प्रिंगा आणि शॉक अब्सॉर्बर एकमेकांना जुळणारे घेणे हा या विषयातील मूलभूत नियम होय. उलटपक्षी, मूळ स्प्रिंगा ठेवून केवळ चांगल्या प्रतीचे शॉक अब्सॉर्बर बसवणे हा रोजच्या गाडीसाठी सर्वांत समंजस फेरबदल मानता येईल. अंतिम पकड त्याने फारशी वाढत नाही. मात्र मार्गिका बदलताना, नागमोडी वळणांवर आणि ब्रेक दाबताना गाडी लवकर स्थिरावते आणि चालकाला तिचा भरवसा वाटतो. एकनळी व वायुदाबयुक्त शॉक अब्सॉर्बरमध्ये तेलाचा फेस होत नसल्याने लांब खडबडीत रस्त्यावर ते अधिक काळ टिकून काम करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ ख्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बाँ याच्या संशोधनावर आधारलेला हा प्रकार जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीने १९५० च्या दशकात मर्सिडीज-बेंझसाठी मोठ्या प्रमाणावर बनवण्यास सुरुवात केली.

अँटी-रोल बार. मऊ स्प्रिंगांचा आराम राखून कलणे कमी करण्याचा हा उत्तम मार्ग. सळईच्या जाडीत थोडा बदल केला तरी परिणाम मोठा होतो, कारण तिचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. दहा टक्के जाड सळई सुमारे सेहेचाळीस टक्के अधिक कडक असते. तथापि जाड बार कोणत्या बाजूला बसवला यावर सर्व काही अवलंबून आहे. पुढे बसवल्यास अंडरस्टीअर वाढतो, मागे बसवल्यास कमी होतो. मागे फार कडक बार बसवलेली गाडी कोरड्या रस्त्यावर चपळ वाटते. पावसात, उतारावरच्या वळणात चालकाने घाबरून पाय काढला की तिचाच मागचा भाग सुटतो. शिवाय एका चाकाला बसलेला धक्का बारमुळे दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो आणि एका बाजूने खचलेल्या रस्त्यावर गाडी डोके हलवल्यासारखी डुलते.

पॉलियुरेथेनचे बुश. रबराऐवजी हे टणक बुश घातल्यास स्टीअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो, पण आवाज व कंपने वाढतात. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे ट्विस्ट बीम आस अशी मांडणी भारतात स्विफ्ट, आय२०, अल्ट्रोझ अशा अनेक गाड्यांत आहे. अशा मागच्या आसाचे रबरी बुश वळणावर किती व कोणत्या दिशेने दबावेत हेही उत्पादकाने ठरवलेले असते. ते टणक करून टाकल्यास ही योजना मोडते.

टायर आणि चाके. काटेकोरपणे पाहता टायर हे सस्पेन्शनचा भाग नव्हेत. तरीही त्यांना वगळून हाताळणीचा विचार करता येत नाही. रस्त्याला टेकलेला प्रत्येक टायरचा भाग साधारण तळहाताएवढा असतो आणि वळण्याचा व थांबण्याचा सर्व जोर त्यातूनच जातो. चांगल्या प्रतीचे नवे टायर व योग्य हवा यांचा परिणाम पहिल्याच पावसात जाणवतो. याउलट दिसण्यासाठी घातलेली मोठी, जड अलॉय चाके स्प्रिंगखालील वजन वाढवतात. जड चाक खड्ड्यानंतर रस्त्यावर परत यायला उशीर लावते आणि तेवढा वेळ त्याची पकड नसल्यासारखीच असते.

खडबडीत रस्ता आणि कडकपणाची मर्यादा

वर सांगितलेला हिशेब गुळगुळीत रस्त्यासाठी खरा आहे. उंचसखल पृष्ठभागावर टायरवरील भार क्षणोक्षणी कमीजास्त होतो, आणि सस्पेन्शन जितके कडक तितके हे चढउतार मोठे. चाक उंचवट्यावरून उडाले की पकड शून्य. म्हणूनच कच्च्या रस्त्यावरील रॅलीच्या गाड्या मऊ आणि लांब हालचालीच्या सस्पेन्शनवर धावतात, तर डांबरी मार्गावरील शर्यतीच्या गाड्या खाली आणि कडक असतात. दोन्ही गाड्या वेगासाठीच बांधलेल्या असून त्यांची सस्पेन्शने परस्परविरुद्ध आहेत. भारतीय शहरांतील व तालुक्यांच्या रस्त्यांवर धावणारी गाडी यांपैकी कोणाला जवळची, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

१९४८ साली सादर झालेली फ्रेंच सित्रोएँ टू-सीव्ही ही या संदर्भात अभ्यासण्यासारखी गाडी आहे. नांगरलेल्या शेतातून टोपलीतील अंडी न फुटता नेता आली पाहिजेत, अशी तिच्यासाठीची अट प्रसिद्ध आहे. तिचे सस्पेन्शन इतके मऊ होते, की वळणावर ती पाहणाऱ्याला धडकी भरेल एवढी कलत असे. तरीही तिची चाके रस्ता सोडत नसत आणि ती उलटवणे अवघड समजले जाई.

इतिहासातील काही उदाहरणे

सस्पेन्शनमधील एखाद्या स्वस्त भागामुळे रोजच्या गाडीची हाताळणी खरोखर सुधारते का, या प्रश्नाला शेव्हरोले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाडीचा इतिहास होकारार्थी उत्तर देतो. १९६० च्या हंगामासाठी आलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते आणि मागे स्विंग ॲक्सल पद्धतीचे सस्पेन्शन होते. या पद्धतीत जोरदार वळणावर बाहेरचे मागचे चाक आत दुमडल्यासारखे तिरके होऊ शकते. पुढे अँटी-रोल बार बसवला असता, तर हा धोका बराच कमी झाला असता. पण तो मूळ गाडीत दिला गेला नाही. त्याऐवजी पुढच्या टायरांत मागच्यांपेक्षा बरीच कमी हवा भरण्याची सूचना देण्यात आली. पेट्रोल पंपावर चारही टायरांत सारखी हवा भरणाऱ्या मालकांकडून ती पाळली जाणे कठीण होते. पुढे १९६२ मध्ये अँटी-रोल बार जादा पैसे घेऊन उपलब्ध झाला. १९६४ च्या गाड्यांत तो सर्वांना मिळाला व मागे आडवी पाट्याची स्प्रिंग बसवण्यात आली. १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शनच नव्याने रचले गेले. त्याच वर्षी राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात कॉर्व्हेअरवर कठोर टीका झाली. अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही गाडी समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचे म्हटले. या दोन निष्कर्षांतील वाद पूर्णपणे मिटलेला नाही. मात्र पुढचा बार आणि सुधारलेली मागची रचना यांमुळे गाडी अधिक निर्धोक झाली, याविषयी दुमत नाही.

फोक्सवॅगनने १९७६ मध्ये साध्या गोल्फवरून तयार केलेली गोल्फ जीटीआय हे यशस्वी फेरबदलाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. अधिक ताकदीच्या इंजिनाबरोबर तिला थोडी कमी उंची, अँटी-रोल बार आणि रुंद टायर मिळाले. रोजची गाडी रोजची राहूनच चपळ झाली. यातील महत्त्वाचा भाग असा, की हे सर्व बदल एकाच वेळी, एकमेकांशी जुळवून आणि कारखान्याच्या चाचण्यांनंतर केले गेले.

ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीज-बेंझची नवी ए-क्लास अचानक आडवा आलेला अडथळा चुकवण्याच्या प्रयत्नात उलटली. ही चाचणी ‘मूस टेस्ट’ म्हणून जगभर गाजली. कंपनीने विक्री काही काळ थांबवून सस्पेन्शन व टायरांत बदल केले आणि ईएसपी ही इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली सर्व ए-क्लास गाड्यांत बसवली. विकल्या गेलेल्या गाड्याही परत बोलावून सुधारल्या गेल्या. निष्णात अभियंत्यांच्या कंपनीलाही सस्पेन्शनची मांडणी चुकू शकते, हे या घटनेतून दिसले. आणि ती दुरुस्त करण्यास किती चाचण्या लागतात, हेही.

भारतातील परिस्थिती

भारतात गाडी खाली आणण्यापेक्षा वर उचलण्याकडे अधिक कल दिसतो. त्याचे कारण रस्त्यांवर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडाच्या आकाराचा आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता येतो. प्रत्यक्षात गावोगावी आढळणारे अरुंद व टोकदार गतिरोधक या मापात बसत नाहीत आणि पाच माणसे व सामान भरलेल्या गाडीचे पोट त्यांना घासते.

यावर बाजारात मिळणारा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये अडकवायचे रबरी किंवा प्लास्टिकचे बफर. यांनी गाडी थोडी वर उचलली जाते व भारात कमी बसते, हे खरे. पण बफरने एखादे वेटोळे जखडून टाकल्यावर उरलेल्या वेटोळ्यांनाच सर्व काम करावे लागते. स्प्रिंगेचा कडकपणा वाढतो, शॉक अब्सॉर्बर मात्र जुनाच असतो आणि बफरशेजारच्या वेटोळ्यांवर जादा ताण येतो. मोठे स्पेसर घालून उचललेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, चाकांचे कोन बिघडतात आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे अधिक तिरके फिरू लागतात. उंची मिळते, हाताळणी घटते. हा सौदा ज्याने त्याने जाणूनबुजून करावा. ‘हाताळणी सुधारते’ या विक्रेत्याच्या वाक्यावर विसंबून करू नये.

मागाहून बसवलेल्या सीएनजी टाकीचा प्रश्न वेगळा आहे. डिकीत कायमचे साठ-सत्तर किलो वजन वाढल्यावर गाडी मागे दबते आणि अशा वेळी थोड्या कडक मागच्या स्प्रिंगा ही चैन नसून दुरुस्ती ठरते. कारखान्यातून येणाऱ्या सीएनजी गाड्यांत सस्पेन्शन या वजनाला जुळवूनच दिलेले असते. जीप, टेम्पो यांना जादा पाटा टाकण्याची जुनी पद्धतही याच गरजेतून आली. तसा पाटा टाकलेली गाडी भरलेली असताना नीट चालते, पण रिकामी असताना खड्ड्यांवरून उडते.

फेरबदलापूर्वीची तपासणी

‘गाडी हलते, वळणावर भरवसा वाटत नाही’ अशी तक्रार असलेल्या जुन्या गाडीत बहुतेकदा नवे काही बसवण्यापूर्वी जुने काय संपले आहे हे पाहणे आवश्यक असते. शॉक अब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ, टायरवर ठरावीक अंतराने पडलेले खळगे, गतिरोधकानंतर गाडीचे दोन-तीनदा डोलणे, सावकाश जातानाही पुढून येणारी खडखड, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग एका बाजूला ओढले जाणे ही नेहमीची लक्षणे होत. खडखड बहुधा लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मच्या बुशमधून येते आणि हे भाग तुलनेने स्वस्त असतात. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची घरगुती चाचणी पूर्णपणे निकामी झालेला शॉक अब्सॉर्बर ओळखू शकते, अर्धवट झिजलेला नाही. झीज हळूहळू होत असल्याने रोजच्या चालकाला ती जाणवत नाही. म्हणूनच मूळ प्रतीचे नवे शॉक अब्सॉर्बर बसवल्यावर अनेकांना गाडी ‘अपग्रेड’ झाल्यासारखी वाटते, वास्तविक ती पूर्ववत झालेली असते.

शॉक अब्सॉर्बर व स्प्रिंगा आसाच्या दोन्ही बाजूंना जोडीनेच बदलाव्यात. त्यानंतर अलाइनमेंट करणे अनिवार्य आहे. उंची बदलली की टो आणि कॅम्बर हे चाकांचे कोन बदलतात. तसे न केल्यास नवे टायर थोड्याच काळात एका कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवावा लागतो, कारण मागे दबलेली किंवा पुढून उचललेली गाडी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश टाकते. पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत चालकसाहाय्य प्रणालीची मोजमापे मूळ उंची गृहीत धरून केलेली असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १८२ अ नुसार अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या भागाच्या जागी मूळ मापाचा भाग बसवणे हा अर्थातच फेरबदल नव्हे. गाडीची उंची बदलणाऱ्या किटांची गोष्ट तशी नाही. अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला फेरबदल आढळल्यास दाव्यावरून वाद उद्भवू शकतो, आणि हमीच्या मुदतीत सस्पेन्शनमध्ये केलेल्या बदलांमुळे संबंधित भागांची हमी नाकारली जाऊ शकते.

जर्मनीत कमी उंचीच्या स्प्रिंगा व शॉक अब्सॉर्बर यांना त्या त्या गाडीसाठी तपासून मान्यता दिली जाते आणि गरजेनुसार अधिकृत तपासनिसाकडून पाहणी करून घेऊन बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत करावी लागते. मान्यता नसलेला धोकादायक बदल केल्यास वाहनाचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येतो. भारतात मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घेण्याची पद्धत याच धर्तीची आहे.